वाढत्या अंगाचा कॉम्प्युटर

आमच्या इमारतीत कुणी नवीन वस्तू घेतली की ती भर दुपारी, पिशवीत गुंडाळून, पाय न वाजवता जिन्यावरून वर नेतात. शेजाऱ्यांची दृष्ट लागेल ही भीती नसते. दुसऱ्या मजल्यावरचे तायडेभाऊ येऊन तिचं सील फोडतील, ही भीती असते.

सील म्हणजे वस्तूच्या पाठीला किंवा बुडाशी चिकटवलेला तो नखाएवढा चकचकीत कागद. हा फाटला तर वॉरंटी रद्द, असं त्यावर बारीक अक्षरांत बजावलेलं असतं. तुम्ही-आम्ही तो बघतही नाही. तायडेभाऊंना तो दारातून दिसतो. आमचा मिक्सर घरात येऊन दोन तास झाले असतील नसतील, तायडेभाऊ चहाला आले. मिक्सर मांडीवर आडवा घेतला, एका हातात कप, तोंडाने पाण्याच्या टँकरच्या गप्पा, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने बुडाशी खरवडणं चालू. मला कळेपर्यंत वॉरंटी गेलेली होती.

मी तोंड सोडलं. माझं तोंड इमारतीत प्रसिद्ध आहे. तायडेभाऊंनी ते ऐकत ऐकत चहा संपवला.

“काहून रागावता, वहिनी? आता तो तुमचा झाला. मघापर्यंत कंपनीचा होता.”

भास्कर तायडे मूळचे बुलढाण्याकडचे. चाळीस वर्षं मुंबईत, मरोळमध्ये काढल्यावर गावाकडचा एक ‘काहून’ तेवढा जिभेवर उरलाय. इथल्याच औद्योगिक वसाहतीत ते पत्र्याचं काम करायचे. कारखान्यांच्या भिंतींना विजेची मोठाली लोखंडी कपाटं उभी असतात, त्यांना ही मंडळी पॅनेल म्हणतात. तो पत्रा कापायचा, वाकवायचा, जोडायचा, हे त्यांचं आयुष्य. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. बायको, आमच्या शोभावहिनी, सहा वर्षांपूर्वी गेल्या. एकुलती एक मुलगी प्रज्ञा नाशिकला बँकेत आहे, सुट्टीत दोन दिवस येते. बाप-लेक तेव्हा गॅसचं बुकिंग आणि गुडघेदुखी यांवर बोलतात. ती गेली की घरात उरतात तायडेभाऊ आणि त्यांची स्टीलची पट्टी.

ही पट्टी शर्टाच्या खिशातून अर्धी बाहेर डोकावत असते, आणि तिच्या शेजारी पत्र्यावर रेघ ओढायची पोलादी सुई. नाक्यावर वडा घेतला तरी आधी मोजतात. “गेल्या वर्षीपेक्षा दोन सूत कमी झाला रे,” असं त्यांनी वडेवाल्याला गिऱ्हाइकांच्या गर्दीत सांगितलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, पत्रेवाल्यांचं माप. तेव्हापासून तो त्यांना वडा पुडीत घट्ट बांधूनच देतो. मी घरी शिवणकाम करते, गळ्यात दिवसभर टेप असते. त्या टेपची त्यांना दया येते.

“टेप गिऱ्हाइकाचं ऐकते, वहिनी. पट्टी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.”

आणि त्यांचा एक ठरलेला प्रश्न आहे. “जागा ठेवली का?” तो ते कशालाही लावतात. नवं कपाट आणलं, जागा ठेवली का? मुलीचं लग्न ठरलं, हॉलमध्ये जागा ठेवली का? खालच्या मजल्यावरच्या पोरीला बाळ झालं, त्याचं नाव दोन अक्षरी ठेवलं, तर तायडेभाऊंनी मान डोलावली. “बरं केलं. पुढे लाडाचं काही लावायला जागा ठेवली.”

सीलचा राग आणि जागेची काळजी या दोन्ही गोष्टी जिथे एकत्र येऊन उकळतात ती वस्तू म्हणजे कॉम्प्युटर. दुकानात गेले की तायडेभाऊ त्याचा पडदा बघत नाहीत. तो उलटा फिरवतात आणि पाठ बघतात. सेल्समन वेग, रंग, ऑफर असं काहीबाही सांगत असतो आणि हे पाठीवर बोटाने ठोकून आवाज ऐकत असतात. “आत रिकामी जागा किती?” असं विचारतात. या प्रश्नाचं उत्तर त्या बिचाऱ्याला कुणी शिकवलेलं नसतं.

माझ्या मुलाने, निखिलने, लॅपटॉप घेतला तेव्हाही ते आले होते.

“यात मेमरी वाढवायची झाली तर?”

“नाही वाढत, काका. आत चिकटवलेलीच असते.”

“चिकटवलेली म्हणजे?”

“म्हणजे फिक्स. घेताना जेवढी घेतली तेवढीच.”

तायडेभाऊंचा चेहरा कुणीतरी घरात येऊन अपमान केल्यासारखा झाला. “म्हणजे घर विकत घ्यायचं आणि भिंतीला खिळा मारायचा नाही? हे कोण सांगणार? बिल्डर?” त्यांचं नख पुढे सरकतंय असं दिसताच निखिल लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत गेला आणि त्याने कडी लावली. मीच त्याला आधी तसं सांगून ठेवलं होतं.

तर अशा माणसाने आदर्श कॉम्प्युटर कसा असावा हे ठरवायला घेतलं, आणि त्याला कारण मी झाले, हे कबूल करते. एका मे महिन्यात मी शाळेच्या गणवेशाचे फ्रॉक शिवत होते. तायडेभाऊ स्टुलावर बसून पट्टीने माझं बटणांचं अंतर तपासत होते. फ्रॉकचा खालचा काठ त्यांनी उलटून पाहिला. आत चांगलं चार बोटं कापड दुमडलेलं होतं.

“एवढं कापड आत काहून दडपलं?”

“वाढत्या अंगाचं आहे. दर जूनला एक दुमड सोडायची. तीन वर्षं निघतात.”

त्यांनी ती दुमड पट्टीने मोजली. मग म्हणाले, “प्रज्ञाचे फ्रॉक पण तुम्ही असेच शिवायचात.”

“शोभावहिनी सांगूनच जायच्या, दुमड मोठी घाल म्हणून.”

थोड्या वेळाने त्यांनी माझ्या भिंतीवरचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढलं, उलटं केलं आणि माझ्याच खडूने त्यावर चौकोन काढले. “वहिनी, कॉम्प्युटर कुणी असा काहून शिवत नाही? वाढत्या अंगाचा?”

पुढची तीन वर्षं इमारतीतलं एकही जुनं कॅलेंडर रद्दीत गेलं नाही. तायडेभाऊंच्या भिंतींवर चौकोनच चौकोन लागले. कुणीही जिन्यात भेटलं की त्याला योजना ऐकावी लागे. त्यांचा कॉम्प्युटर जेवणाच्या डब्यासारखा होता, एकावर एक पुडे रचलेला. सगळ्यात खाली वीजपुरवठ्याचा पुडा, कारण जड माणसाने खालीच बसावं. त्याच्यावर मुख्य पाटी, त्याच्यावर माहिती साठवायच्या डिस्का. पहिल्या दिवशी गरजेपुरतं घ्यायचं, त्यात काम चाललं पाहिजे. पोरगं वरच्या वर्गात गेलं, घरात चार पैसे आले, की वरचा पुडा चढवायचा. आत काही चिकटवायचं नाही. सील तर नाहीच नाही. आणि प्रत्येक पुडा रुपयाच्या नाण्याने उघडला पाहिजे.

“स्क्रूड्रायव्हर सगळ्यांच्या घरी नसतो. रुपया असतो.”

कल्पना वाईट नव्हती. मला तर झकास वाटली होती, पण तसं मी त्यांना सांगितलं नाही, नाहीतर ते माझ्याच घरात कारखाना काढते. एक गोष्ट मात्र मला टोचायची. प्रत्येक चित्रात एक लांबट, अरुंद खण असायचा आणि त्यावर लिहिलेलं असायचं, ‘रिकामा’. बाकीची मापं चित्रागणिक बदलायची. याचं कधी बदललं नाही. साडेदहा इंच, एक सूत.

“रिकाम्या जागेला इतकं नेमकं माप कशाला?”

“रिकामी आहे म्हणून काय वाट्टेल ती ठेवायची?” एवढंच म्हणून ते विषय बदलायचे.

या वर्षी आमच्या गल्लीच्या टोकाच्या बुद्धविहारात मुलांसाठी अभ्यासिका सुरू करायचं ठरलं. विहाराचे अध्यक्ष साळवेसर निवृत्त मुख्याध्यापक, इस्त्रीची घडी न मोडणारे. त्यांनी एक देखणा, सडपातळ कॉम्प्युटर पसंत केला होता, ज्यात सगळं सामान पडद्याच्या मागेच असतं. सभेत तायडेभाऊ उभे राहिले.

“सर, दोन वर्षांनी पोरांना जास्त लागलं तर?”

“तेव्हा बघू, तायडे.”

“तेव्हा कुणी बघत नसतं, सर.”

हे ते ज्या आवाजात बोलले तो त्यांचा नेहमीचा आवाज नव्हता. साळवेसरांनाही तो जाणवला असावा, कारण ते म्हणाले, “महिनाभर थांबतो. करून आणा. समितीला पटला तर तुमचा ठेवू, नाहीतर मी ऑर्डर देतो.”

तो महिना तायडेभाऊंनी गुडघ्याला पट्टा बांधून काढला. आतलं सामान लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून, थोडं नवं, थोडं वापरलेलं, स्वतः हाताळून आणलं. पेटीचा पत्रा साकीनाक्याला त्यांच्या जुन्या सोबत्याच्या, इद्रिसभाईंच्या, वर्कशॉपमध्ये स्वतः कापला आणि वाकवला. फक्त रंग द्यायला पेटी तिथे ठेवली. समिती रविवारी बघणार होती. शनिवारी दुपारी टेम्पो विहारासमोर उभा राहिला आणि गोणपाटात गुंडाळलेली कॉम्प्युटरची पेटी उतरवायला तीन माणसं लागली, कारण तायडेभाऊंना पॅनेलचा जाड पत्रा सोडून दुसरा पत्रा माहीतच नाही. साळवेसर, मी, दहा-बारा मुलं आणि त्यांच्या आया बघायला जमलो. तायडेभाऊंनी गोणपाट ओढलं.

आत कारखान्यात असतो तसला करडा रंग दिलेली पेटी होती. तिला कुलूप लावायची कडी होती. आणि पुढच्या बाजूला, बरोब्बर मधोमध, रिव्हेट मारून बसवलेली लाल पाटी होती. पाटीवर कवटी, तिच्याखाली दोन हाडं आणि तीन भाषांत मजकूर: धोका, ४४० व्होल्ट.

एका आईने आपलं पोर दंडाला धरून मागे ओढलं.

तायडेभाऊंनी जागच्या जागी इद्रिसभाईंना फोन लावला. पलीकडचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. “अरे, तेरा ड्रॉइंग, तेरा साइन. बीस साल तेरे माल पे जो लगाया वही लगाया ना मैंने. कॉम्प्युटर है ये किसने बोला?” खरंच कुणी बोललं नव्हतं. तायडेभाऊंनी चित्रावर मापं सगळी लिहिली होती, वस्तूचं नाव तेवढं लिहायचं राहिलं होतं.

“तायडे,” साळवेसर म्हणाले, “हा पोरांना अभ्यासाला बसवायला आहे की लांब ठेवायला?”

मुलं हसली, आया हसल्या, मीही हसले. तायडेभाऊ हसले नाहीत. ते पेटीभोवती एक फेरी मारून आले आणि कवटीवर हात ठेवून उभे राहिले. पाटी उपटली तर रिव्हेटची भोकं उरली असती आणि ताजा रंग निघाला असता. “वाट लागली,” ते हळूच म्हणाले. मला माझ्या हसण्याची लाज वाटली. मी म्हटलं, मी संध्याकाळपर्यंत याला कापडाचं कव्हर शिवते, पुढून कवटी झाकेल असं.

सगळे पांगल्यावर मी टेप घेऊन पुन्हा विहारात गेले. तायडेभाऊ सामान पेटीत बसवून आत एकटेच बसले होते. मी लांबी घेतली, उंची घेतली. बाजूला तो रिकामा खण होता. कापड तिथे किती मोकळं सोडावं ते बघायला मी रुपया लावून त्याचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या अंगाला सुईने अक्षरं कोरलेली होती. त्यांच्या धंद्यात दाराच्या आत गिऱ्हाइकाचं नाव कोरायची पद्धत आहे, म्हणजे माल भलत्या पार्टीकडे जात नाही. मी वाचलं.

‘पार्टी: प्रज्ञा भास्कर तायडे. माल उशिरा.’

मी वळून पाहिलं. तायडेभाऊ खाली बघत होते.

“तिने ॲनिमेशनचा कोर्स घेतला होता, आठवतं?” ते म्हणाले. “तेव्हा बोनस घालून तिला कॉम्प्युटर घेतला. कंपनीचा, सीलबंद. सहा महिन्यांत पुरेना. चित्र हलवायला गेली की अडकायचा. मग शिकवण्या घेऊन तिने स्वतःच एक कार्ड आणलं, चित्रं पळवायचं. ते आत जाईना. दीड इंचाने अडत होतं. मधे एक पत्रा आडवा येत होता, वहिनी. एवढासा.” त्यांनी पट्टीवर बोट ठेवून दाखवलं. “ती म्हणाली, बाबा, तेवढा कापा ना. मी म्हटलं, सील फाटेल, वॉरंटी जाईल. आहे त्यात भागव.”

मी झाकण खाली ठेवलं.

“आयुष्यभर लोकांचा पत्रा कापला. अर्ध्या तासाचं काम होतं. आणि घरचा पत्रा कापायला घाबरलो. ती काही म्हणाली नाही. कार्ड ठेवून दिलं. दोन महिन्यांनी कोर्स सोडला, बी.कॉम. केलं.” त्यांनी पट्टी खिशात घातली. “वॉरंटी वर्षभराची होती. त्या वर्षात काही बिघडलं पण नाही.”

मला माझा मिक्सर आठवला आणि त्या दिवशी मी जे जे बोलले होते ते सगळं आठवलं. मला फार वाईट वाटलं. मी पेटीची उंची पुन्हा एकदा मोजली.

घरी येऊन कापड कापायच्या आधी मी प्रज्ञाला फोन केला.

“प्रज्ञा, कोर्सच्या वेळी तू एक कार्ड आणलं होतंस बघ, कॉम्प्युटरचं. त्याचं काय केलंस?”

“का गं, काकू?”

“काही नाही, मापं घेत होते. साडेदहा इंच एक सूत, बरोबर ना? उद्या अकराला विहारात ये. बाबांना सांगू नकोस.”

रविवारी सकाळी माझं निळं कव्हर घालून कॉम्प्युटर टेबलावर उभा होता. कवटीचा पत्ता लागत नव्हता. समितीची सात माणसं खुर्च्यांवर बसली. साळवेसरांनी विचारलं, “बंद पडला तर मेकॅनिक कुठून आणायचा?” तायडेभाऊंनी खिशातून रुपया काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. “उघडा, सर.”

साळवेसरांनी आयुष्यात खुर्चीखेरीज काही ओढलेलं नसावं. ते कॉम्प्युटरजवळ असे गेले की जणू आत कुणी झोपलंय. रुपया फिरवला, झाकण आलं. तायडेभाऊंनी सांगितलं तशी मेमरीची पट्टी काढली, परत बसवली, बटण दाबलं. पडदा उजळला. सरांनी आमच्याकडे पाहिलं. मग त्यांनी तो बंद करून तेच सगळं पुन्हा केलं, आणि मग तिसऱ्यांदा केलं. चौथ्या वेळी खजिनदारांनी त्यांना हाताला धरून बसवलं. आता ऑर्डर द्यायचा प्रश्न उरला नव्हता हे सगळ्यांना दिसत होतं.

“एकच विचारतो,” सर बसता बसता म्हणाले. “बाजूचा हा खण रिकामा का?”

“असू द्या, सर,” तायडेभाऊ म्हणाले.

“तो माझा आहे.”

दारात प्रज्ञा उभी होती. नाशिकहून पहाटेची बस धरून आली होती, खांद्याला बँकेची पिशवी. तायडेभाऊ उठायला गेले आणि गुडघ्यामुळे पुन्हा खाली बसले. ती पुढे आली. तिने साळवेसरांच्या हातातून रुपया घेतला आणि खणाचं झाकण उघडलं. आतलं वाचायला सहा शब्दांना लागतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ तिने घेतला. तोवर तायडेभाऊ कॉम्प्युटरची पाठ बघत होते, जशी काही ती त्यांनी पूर्वी पाहिलीच नव्हती.

प्रज्ञाने पिशवीतून शोभावहिनींच्या जुन्या ओढणीत गुंडाळलेलं कार्ड काढलं. इतकी वर्षं, तीन भाड्याची घरं बदलताना, तिने ते टाकून दिलं नव्हतं. ते तिने खणात सरकवलं. ते टक् करून बसलं. एक सूत जागा उरली, नख घालून ते परत काढता यावं एवढीच. कार्ड डोळ्यांसमोर नसताना त्या माणसाने तेरा वर्षं त्याचं माप डोक्यात सांभाळलं होतं. माझ्या टेपने आजवर कुणाचं माप इतकं जपलेलं नाही.

ते कार्ड आता फार जुनं झालंय, त्याच्याने काही वेग वाढत नाही, असं निखिल नंतर मला म्हणाला. मी त्याला म्हटलं, तू गप्प बस.

“बाबा, सुई द्या.”

तायडेभाऊंनी खिशातली पोलादी सुई तिला दिली. प्रज्ञाने झाकण टेबलावर उलटं ठेवलं, वडिलांच्या ओळीखाली जोर देऊन काहीतरी कोरलं आणि झाकण त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी चष्मा लावला. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. तिने लिहिलं होतं, ‘माल मिळाला. प्र. तायडे.’

तायडेभाऊ बराच वेळ ते वाचत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला आणि झाकण तिच्याकडे परत सरकवलं.

“तारीख टाक,” ते म्हणाले. “तारखेशिवाय माल पोचला असं धरत नाहीत.”

तिने तारीख टाकली.